सायलेन्सरमधले प्लॅटिनम आणि कोल्हापूरची भट्टी

कोल्हापूरच्या उद्योगेतिहासात ऑईल इंजिनाला जे स्थान आहे ते गुळाला किंवा चपलेलाही नाही, असे म्हटले तर शहरात वाद निश्चित होईल. तरीही शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या फाउंड्र्या यांचे मूळ शोधत गेले, की ते पंचगंगेच्या काठावर पाणी उपसणाऱ्या आणि गुऱ्हाळावर चरक फिरवणाऱ्या संथगती इंजिनापाशीच जाऊन पोहोचते. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार आणि त्यांच्या बरोबरीच्या कारागीर-उद्योजकांनी घडवलेल्या या परंपरेत इंजिनाची किंमत त्याच्या ताकदीवर, डिझेलच्या खपावर आणि बिघडले तर शेतावरच उघडून दुरुस्त करता येण्यावर ठरत असे. नळीवाटे आकाशात जाणाऱ्या धुराचा हिशेब कोणी विचारत नव्हते, तो ठेवायची गरजही कोणाला वाटत नव्हती. पुढे १९९५ पासूनच्या पाव शतकात हा हिशेब देशभरात सक्तीचा झाला आणि धूर धुऊन काढण्यासाठी सायलेन्सरच्या आधी प्लॅटिनम वर्गातील धातूंचे पात्र बसवले जाऊ लागले. हे पात्र कोल्हापूरच्या परंपरेतून आलेले नव्हते. मात्र ते जगणार की अकाली मरणार, हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी कोल्हापूरच्या भट्ट्यांत, यंत्रशाळांत, पेट्रोल पंपांवर आणि रस्त्यांवर घडत होत्या, आणि म्हणून या शहराच्या बाजूने हा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते.

उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण त्या क्रियेत स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ, ही शालेय व्याख्या मोटारीतील उत्प्रेरकी परिवर्तकाला, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला लागू पडते. फक्त ती अर्धीच गोष्ट सांगते. पोलादी डब्यात कॉर्डिएराइट नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्याप्रमाणे हजारो बारीक आरपार नळ्या असलेली वीट बसवलेली असते, त्या नळ्यांच्या भिंतींवर सच्छिद्र ॲल्युमिनाचा पातळ लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण विखुरलेले असतात. मोटारीमागे काही ग्रॅम भरणारे हे धातू कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन यांचे ऑक्सिडीकरण करतात व नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन काढून घेतात. तिन्ही कामे एकाच वेळी साधायची तर इंजिनाला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ राहावे लागते, आणि धूर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज हे पात्र जागेच होत नाही. धातू खर्ची पडत नाही हे खरे, पण त्याचा पृष्ठभाग झाकला जातो, त्याचे कण उष्णतेने एकमेकांत मिसळून मोठे होतात, लेपाची छिद्रे बुजतात. मौल्यवान धातू डब्यात जसाच्या तसा शिल्लक असतो आणि काम मात्र थांबलेले असते.

पृष्ठभाग झाकणारे पहिले मोठे विष शिसे होते. अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये टॉमस मिजली याने १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनाची ठोक थांबते हे शोधून काढले आणि दोन वर्षांत असे पेट्रोल विक्रीला आले. पुढे मूळचा फ्रेंच असलेल्या यूजीन हूड्री या अभियंत्याने १९५० च्या दशकात अमेरिकेत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरकी पात्र तयार केले, तेव्हा ते मोटारीवर टिकेना, कारण धुरातील शिशाची संयुगे काही टाक्या पेट्रोल जळेपर्यंतच त्याचा पृष्ठभाग लिंपून टाकत. हूड्रीचे पात्र यामुळे कारखान्यांच्या बंदिस्त आवारातील वाहनांपुरते आणि खाणींपुरते राहिले. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटार कंपन्यांना पेचात धरल्यावर तेथे शिसेविरहित पेट्रोल विकण्याची सक्ती झाली आणि १९७५ च्या मोटारींवर हे पात्र सर्रास बसू लागले. चूक होऊ नये म्हणून शिसेविरहित पेट्रोल घेणाऱ्या मोटारीच्या टाकीचे तोंड अरुंद करण्यात आले, म्हणजे शिसेयुक्त पेट्रोलच्या पंपाची जाड नळी त्यात शिरूच नये. उत्प्रेरकाच्या रक्षणासाठी लढवलेल्या युक्त्यांपैकी ही सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक युक्ती म्हटली पाहिजे. शिसे हे मुलांच्या मेंदूलाही विष आहे, ही बाब वैद्यांनी कितीतरी आधी सांगितली होती. पण पेट्रोलमधून ते हद्दपार होण्याचा तातडीचा हेतू बऱ्याच अंशी प्लॅटिनम वाचवण्याचा होता, हे या प्रकरणातील कडवट सत्य आहे.

भारतात हा बदल वकील महेश चंद्र मेहता यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांतून आला. लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असलेले पेट्रोल सर्रास मिळत होते, ते १९९४ मध्ये चार महानगरांत ०.१५ ग्रॅमवर आणले गेले आणि १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नोंदवल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. मोटार मात्र महानगरात नोंदली म्हणून महानगरातच राहत नाही. मुंबईहून पुणे-सातारा-कराडमार्गे कोल्हापूर हे अंतर साधारण चारशे किलोमीटरचे; त्या काळच्या लहान मोटारीची तीसेक लिटरची टाकी मुंबईत भरली तर अंबाबाईच्या दर्शनाला येणारे कुटुंब कोल्हापूरपर्यंत कसेबसे पोहोचे, पण परतीच्या वाटेवर टाकीत काय पडणार हा प्रश्न उरत असे, कारण उत्प्रेरकाला मानवणाऱ्या पेट्रोलची सक्ती ज्या नकाशावर आखली होती त्यात कोल्हापूर नव्हते. सगळ्या देशासाठी शिशाचे प्रमाण १९९७ मध्ये ०.१५ ग्रॅमवर आणि १ फेब्रुवारी २००० पासून जवळपास शून्यावर आले, तेव्हा हा प्रश्न मिटला. मधल्या पाच वर्षांत ज्या मोटारींनी दोन्ही प्रकारचे पेट्रोल प्यायले, त्यांचे कन्व्हर्टर पुढे केवळ सायलेन्सरचा एक जड भाग होऊन राहिले असणार.

शिसे गेले आणि त्याच्यामागे झाकलेले गंधक पुढे आले. येथे कोल्हापूरच्या ओतकामाची भाषा मदतीला येते, कारण गंधक व स्फुरद, म्हणजेच सल्फर व फॉस्फरस, हे फाउंड्रीवाल्याचे दोन जुने वैरी आहेत. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत कोकमधील गंधक वितळलेल्या बिडात उतरते, आणि लवचीक एसजी बीड करायचे असेल तर ते आधी काढून टाकावे लागते, नाहीतर रसात घातलेले मॅग्नेशियम ग्रॅफाइटला गोल आकार देण्याऐवजी गंधकाशी लढण्यातच संपते. स्फुरदाने रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात उतरतो, पण तेच स्फुरद वाढले की थंड झालेले बीड ठिसूळ होते. कोल्हापूरच्या भट्टीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ही दोन नावे पुस्तकातून शिकावी लागली नाहीत. पुढे तीच दोन नावे उत्प्रेरकाच्या शत्रूंच्या यादीत वर आली, हा योगायोग या शहरापुरता तरी नोंदण्याजोगा आहे.

इंधनातील गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड पॅलॅडियम आणि सिरियमच्या ऑक्साइडावर जाऊन बसतो. सिरियमचे ऑक्साइड लेपात ऑक्सिजनचा साठा सांभाळण्यासाठी मिसळलेले असते आणि तेच गंधकाने भरून गेले की पात्राची लवचिकता हरपते. शिशाच्या तुलनेत हे विष सौम्य म्हणायचे, कारण धूर पुरेसा तापला की त्यातील बराच भाग उडून जातो. पण डिझेलच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती अशी की तेथील ऑक्सिडीकरण उत्प्रेरक गंधकाचे पुढचे ऑक्साइड तयार करतो आणि त्यातून सल्फेटचे कण वाढतात, म्हणजे धूर स्वच्छ करणारे यंत्र स्वतःच कण निर्माण करू लागते. भारतातील डिझेलमध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एक टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. २००० च्या सुरुवातीस देशभर ते पाव टक्क्यावर आले. त्यानंतरची दिशा ठरवण्याचे काम रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आले. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले माशेलकर यांची समिती २००१ मध्ये नेमली गेली आणि तिच्या २००२ मधील अहवालावर आधारित वाहन इंधन धोरण केंद्र सरकारने ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीकारले. वाहनाचे मानक आणि इंधनाचे मानक एकाच वेळी, एकाच तारखेला बदलले पाहिजे, हे या धोरणाचे मर्म होते. उत्प्रेरकाच्या दृष्टीने ते मर्म रास्तच होते, पण धोरणाने देश दोन भागांत विभागला.

एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार हे वाहनांच्या धुराचे मानक तेरा शहरांत लागू झाले, ज्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर ही महाराष्ट्रातील शहरे होती. उर्वरित देशाला, आणि त्यात कोल्हापूरला, भारत स्टेज तीन मिळाले. सोलापूरच्या पंपावर डिझेलमध्ये दशलक्षांत ५० भाग गंधक आणि कोल्हापूरच्या पंपावर ३५० भाग, अशी सात पटींची तफावत त्यातून निर्माण झाली. सोलापूर पुढच्या श्रेणीत आणि कोल्हापूर मागच्या श्रेणीत, हा क्रम पाहून कोल्हापूरकरांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पण त्याहून महत्त्वाचे हे की राष्ट्रीय परवान्यावर फिरणाऱ्या मालमोटारीला असे शहरनिहाय इंधन निवडता येत नाही, आणि म्हणून मालमोटारी बव्हंशी जुन्याच मानकाच्या विकल्या जात राहिल्या. पंपापर्यंत पोहोचलेल्या इंधनाचा दर्जाही अधिकृत आकड्यापुरता राहत नव्हता. शिधावाटपाच्या स्वस्त रॉकेलमध्ये डिझेलहून कितीतरी अधिक गंधक चालत असे आणि भावातील फरकामुळे ते डिझेलमध्ये मिसळले जाई. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशी भेसळ रोखू पाहताना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा या धंद्याची ताकद साऱ्या महाराष्ट्राला दिसली. उत्प्रेरकाचे आयुष्य प्रयोगशाळेत मोजले जात असताना त्याच्या मृत्यूची कारणे कोठे घडत होती, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पुढचा भाग वेगाने घडला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०१६ मध्ये पाचवा टप्पा गाळून थेट भारत स्टेज सहावर २०२० मध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. १ एप्रिल २०१७ पासून चौथा टप्पा देशभर लागू झाला आणि त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने न विकल्या गेलेल्या स्टेज तीनच्या सुमारे ८.२४ लाख वाहनांच्या विक्रीस मनाई केली, ज्यामुळे देशभर दुचाकींच्या दुकानांत दोन दिवस सवलतींची झुंबड उडाली. १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल व डिझेल या दोहोंत गंधक दशलक्षांत १० भागांवर आले. एक टक्क्यापासून येथवरचा प्रवास तीन दशकांत पूर्ण झाला आणि इंधनापुरता कोल्हापूरचा पंप मुंबईच्या पंपाइतका शुद्ध झाला.

इंधन शुद्ध झाल्यावर लक्ष इंजिनाच्या आतल्या तेलाकडे वळले, आणि कोल्हापूरचा खरा वाटा येथे सुरू होतो. वंगणाच्या तेलात घर्षण सोसणाऱ्या पृष्ठभागांच्या रक्षणासाठी जस्त व स्फुरद असलेले एक पूरक द्रव्य मिसळतात. कॅमशाफ्टला ते जितके हितकारक तितकेच उत्प्रेरकाला घातक, कारण पिस्टनच्या रिंगांवरून निसटून तेल ज्वलनकक्षात गेले की त्यातील स्फुरद जळून फॉस्फेटच्या काचेसारख्या थराने पोळ्याची तोंडे लिंपते, आणि गंधकाप्रमाणे हा थर नुसत्या उष्णतेने जात नाही. नत्र, स्फुरद, पालाश असा जप करणाऱ्या ऊसपट्ट्यात स्फुरदाला विष म्हणणे विचित्र वाटेल, पण सायलेन्सरच्या आधीच्या त्या डब्यात त्याची ओळख तीच आहे. तेल बनवणाऱ्यांनी २००४ च्या सुमारास पेट्रोल मोटारींच्या तेलातील स्फुरद ०.०८ टक्क्यावर मर्यादित केले, तर डिझेलसाठी राख, स्फुरद व गंधक कमी असलेली वेगळी तेले आली, कारण डिझेलची काजळी अडवणारी गाळणी ठराविक काळाने सहाशे अंशांच्या आसपास तापवून साफ करता येत असली तरी तेलाची राख तीत कायमची साचत जाते.

तेलाची रचना कितीही सुधारली तरी ते किती निसटते हे सिलिंडरच्या भिंतीवर ठरते. मालमोटार किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ब्लॉक ओतताना साच्यातील गाभा किंचित सरकला, भिंतीची जाडी एका बाजूस कमी झाली किंवा ओतीव थंड होताना आत ताण राहून गेला, तर तो ब्लॉक यंत्रावर गोल कातला जातो खरा, पण हेडचे बोल्ट आवळून इंजिन तापले की त्याची नळी लंबगोल होते आणि रिंग एका बाजूने तेल सोडू लागते. मग होनिंगची जाळी, म्हणजे तेल धरून ठेवण्यासाठी नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मुद्दाम काढलेल्या तिरप्या रेघा, किती खोल व कोणत्या कोनात असाव्यात हा प्रश्न केवळ रिंगच्या आयुष्याचा उरत नाही. उचगावच्या घाटगे-पाटील इंडस्ट्रीजसारख्या फाउंड्रीत ओतले जाणारे ब्लॉक व हेड, शिरोलीच्या मेनन पिस्टन्समध्ये होणारे पिस्टन आणि त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो लहान यंत्रशाळांतील कातकाम यांच्या मायक्रॉनमधल्या अचूकतेला नव्या मानकांनी असा अर्थ दिला, जो जुन्या ऑईल इंजिनाच्या काळात कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्या काळी जुने इंजिन ‘ऑईल खाते’ म्हणजे मालकाला दर आठवड्याला लिटरभर जास्त ओतावे लागे, एवढाच त्याचा अर्थ होता. उद्यमनगरातील कारागीर निळा धूर बघून रिबोअर सुचवत आणि मालक हंगाम संपेपर्यंत ते पुढे ढकलत. आता हंगामभर तसेच चालवलेले वाहन रिबोअरच्या खर्चात कन्व्हर्टरचाही खर्च मिळवून परत येते. गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी गॅस्केटची सिलिकॉन पेस्टही या दृष्टीने निर्दोष नाही, कारण साध्या पेस्टमधून सुटणारी सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरचे टोक पांढरे करून ठेवते आणि सेन्सर फसला की हवा-इंधनाचे प्रमाणही फसते.

उष्णतेने होणारे मरण यापेक्षा झटपट येते. एखादा स्पार्क प्लग ठिणगी टाकेना की न जळलेले पेट्रोल थेट पोळ्यात जाऊन तेथे जळते, तापमान हजार अंशांपलीकडे चढते, धातूचे सूक्ष्म कण एकत्र गोळा होतात आणि हद्द झाली तर वीटच वितळून वाट बंद होते. त्यामुळे बॅटरी उतरलेली मोटार चार जणांनी धक्का मारून सुरू करण्याची गल्लोगल्लीची पद्धत, किंवा गगनबावड्याच्या घाटात इंधन वाचवण्यासाठी गिअर तसाच ठेवून चावी बंद करून उतरण्याची सवय, कार्ब्युरेटरच्या मोटारीवर कन्व्हर्टर बसल्यापासून महागात पडू लागली.

नव्या मानकांनी कोल्हापूरच्या मालमोटारचालकाला आणखी एका द्रवाची ओळख करून दिली. नायट्रोजनची ऑक्साइडे काढण्यासाठी डिझेलच्या गरम धुरात शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि तांबेयुक्त झिओलाइटच्या किंवा व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावर तो त्या ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाण्यात करतो. शेतकऱ्याच्या घरात युरियाची पोती पडलेली असताना हेच द्रावण बाटलीतून विकत का घ्यायचे, हा प्रश्न ऊसपट्ट्यात कोणालाही सुचेल असा आहे, आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या बारकाव्यात दडलेले आहे. द्रावणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि फॉस्फेट यांची मर्यादा प्रत्येकी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम एवढी आहे, तर बोअरच्या पाण्यात एकट्या कॅल्शियमचे प्रमाण लिटरमागे दहा-दहा मिलिग्रॅमच्या पटीत असते. खताच्या युरियात बाययुरेट हे उपद्रव्य दीड टक्क्यापर्यंत चालते, तर येथे ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही; शिवाय खताचा युरिया कारखान्यांकडे वळू नये म्हणून २०१५ मध्ये त्याला नीमतेलाचे लेपन सक्तीचे झाले. असा तेलकट युरिया या द्रावणाला चालत नसल्याने काळ्या बाजाराविरुद्ध योजलेले ते तेल इथे उत्प्रेरकाचा पहारेकरी बनले, हे धोरणकर्त्यांच्या मनातही नसावे. घरगुती द्रावणाचे पहिले चिन्ह म्हणजे फवाऱ्याच्या तोंडाशी साचणारे पांढरे खडे. उत्प्रेरकाचा ऱ्हास त्यानंतर शांतपणे होत राहतो.

याच वर्षांत पात्रातील धातूंची किंमत चोरांनाही समजली. ऱ्होडियमचा भाव मार्च २०२१ मध्ये औंसामागे २९,००० डॉलरच्या आसपास गेला आणि महाराष्ट्रातील निरनिराळ्या जिल्ह्यांत इको व्हॅनचे सायलेन्सर रात्रीत कापून नेल्याच्या बातम्या येऊ लागल्या. फटाके फोडणाऱ्या बुलेटच्या हौशी मालकांनी तर तोच भाग स्वखुशीने काढून टाकला होता, ज्याबद्दल राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवला. त्या कारवाईचा रोख आवाजावर होता, धुरावर नव्हता.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांत कोल्हापूरचा समावेश झाला आणि शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट व महाद्वार रोड येथील मोजणीकेंद्रांच्या नोंदींना एकदम वजन आले. मात्र कोल्हापूरच्या इंजिनपरंपरेशी थेट भिडणारा नियम रस्त्यावरच्या वाहनांचा नव्हता. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेले जनरेटरच्या धुराचे नवे मानक १ जुलै २०२३ पासून लागू झाले, आणि ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनरेटर संचांच्या बहुतेक श्रेणींत इंजिनासोबत उत्प्रेरक बसवणे भाग पडले. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे पंपाच्या इंजिनापासून सुरू झालेली ही साखळी अखेर उत्प्रेरकाच्या डब्यापर्यंत येऊन भिडली. वाहनाचा उत्प्रेरक जपणे आणि जनरेटरचा जपणे यांत फरक आहे. जनरेटर वर्षातील बहुतेक काळ बंद असतो. वीज गेली नाही तरी तो सुरू होतो की नाही हे पाहण्यासाठी रुग्णालये व कारखाने त्याला आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे रिकामा चालवतात. अशा वेळी धूर तापत नाही, उत्प्रेरक जागा होत नाही, अर्धवट जळलेले डिझेल व तेल त्याच्या नळ्यांत चिकटून राहते आणि फवारलेल्या युरियाचे खडे बनतात. म्हणून जनरेटर सुरू ठेवण्याच्या शिस्तीत आता त्याच्यावर खरा किंवा कृत्रिम विद्युतभार टाकून तो पुरेसा तापेपर्यंत चालवण्याची पायरी जोडावी लागली आहे, आणि ज्या इंजिनाला एकेकाळी पंचगंगेच्या पाण्याचा भार अखंड मिळत असे त्याच्या वारसाला केवळ उत्प्रेरक गरम राहावा म्हणून विजेच्या तारांची शेगडी जोडून द्यावी लागते.